दारू सोडलेल्या माणसाच्या हातात वही कशाला?

गेल्या वर्षी गणेशचवथीच्या दहा-बारा दिवस आधी माझा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती वॉर्डातून घरी आला. पिशवीत दोन शर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या, डिस्चार्जचा कागद आणि एक दोनशे पानी कोरी वही, बिनरेघी. पहिल्या पानावर समुपदेशक बाईंनी लिहून दिलं होतं, ‘रोज रात्री तीन गोष्टी. आज काय बरं घडलं आणि ते कुणामुळे.’

भावजयीने वही उलटीपालटी करून बघितली आणि मला म्हणाली, “वन्सं, बारा वर्षं ओकाऱ्या मी पुसल्या. आणि शेवटी औषध काय दिलं, तर निबंध?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मोबाइलवर हल्ली ‘कृतज्ञता’ उतू जाते आहे. सोनेरी अक्षरांच्या डायऱ्या विकायला आल्यात, सकाळी सकाळी कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याने सांगत असतं की विश्वाचे आभार माना. त्यामुळे माझाही पहिला विचार तोच होता: हे थोतांड इस्पितळापर्यंत पोचलं वाटतं. मग मी वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, भावाकडे बघत गेले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते. भावाची परवानगी आहे. अट एकच, नाव घालायचं नाही.

आधी दारू मेंदूत काय करते ते बघू

अनमोडचा घाट उतरणारी बस डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. दारू मेंदूत तेच करते, ब्रेक दाबते. म्हणून पहिले दोन पेग पोटात गेले की निवांत वाटतं, भीड चेपते, काळजी मागे पडते. पण ब्रेक रोजच दाबला जातोय म्हटल्यावर मेंदूही गप्प बसत नाही. गाडी चालती ठेवायला तो ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. म्हणून तेवढीच दारू पुरेनाशी होते.

आता एके दिवशी दारू एकदम बंद केली तर? ब्रेकवरचा पाय निघाला, ॲक्सिलरेटर मात्र दाबलेलाच. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते. काहींना फिट येते, काहींना भिंतीवर किडे दिसायला लागतात. याला विड्रॉवल म्हणतात. पहिल्या दोन-चार दिवसांत हे जिवावरही बेतू शकतं. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून, देवाची शपथ घालून दारू बंद करायला लावू नका. आधी डॉक्टर. या टप्प्यावर वहीचा काडीचा उपयोग नाही.

वहीची वेळ नंतर येते. हात कापायचे थांबतात, भूक लागते, घरचे म्हणतात, चला, सुटला बाबा. आणि नेमका तेव्हा तो माणूस गॅलरीत खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसतो. कशातच गोडी नाही. मुलगी शाळेत पहिली आली, बरं. बांगडे तळलेत, बरं.

का? इथे एका रसायनाचं नाव घ्यावं लागतं, डोपामाइन. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात ते अर्धवट आहे. त्याचं मुख्य काम खूण करण्याचं: ‘हे महत्त्वाचं, हे परत कर.’ गरम चहाला लहान खूण, मित्र भेटला की थोडी मोठी. दारूची खूण या सगळ्यांच्या वरताण. वर्षानुवर्षं तसल्या खुणा मिळाल्या की मेंदू लहान खुणांकडे लक्ष देईनासा होतो. महिनाभर रोज झणझणीत शाकुती खाल्लेल्या माणसापुढे उकड्या तांदळाची पेज ठेवा. तो म्हणेल, पाणी आहे हे. पेजेत काही बिघडलेलं नसतं, जीभ बधिर झालेली असते. ती सुधारते, पण आठवडे जातात, कित्येकदा महिने. दारू परत सुरू होण्याचा मोठा धोका याच दिवसांत असतो, कारण माणूस स्वतःशी हिशेब मांडतो: सोडून मिळालं काय?

कृतज्ञता म्हणजे आभार नव्हे

आमच्या घरात आम्ही बोलतो कोंकणी, लिहितो मराठी. शाळा मराठी होती म्हणून. त्यामुळे शब्दांकडे दोन्ही बाजूंनी बघायची खोड आहे. ‘धन्यवाद’ सभेच्या शेवटी असतो. ‘आभारी आहे’ अर्जाच्या तळाला. ‘उपकार’ हा तर धोकादायक शब्द. उपकारांचं ओझं होतं, ते फेडावे लागतात, आणि कुणी ते काढून दाखवले की मान खाली जाते.

‘कृतज्ञ’ निराळा आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं ज्याला कळतं तो कृतज्ञ. यात वाकून नमस्कार नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही ‘वाटायला’ हवं असंही नाही. फक्त नोंद आहे. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, म्हणून मला हे चटकन कळलं. वही म्हणजे जमा बाजू.

व्यसनी माणसाच्या मनातलं खातं नावे बाजूनेच भरलेलं असतं. कुणी अपमान केला, कुणी पैसे दिले नाहीत, नशिबाने काय हिरावलं. यातल्या बऱ्याच नोंदी खऱ्याही असतात. पण जमेच्या नोंदी होतच नाहीत, म्हणून शिल्लक कायम वजा दिसते, आणि वजा शिल्लक दिसली की पिण्याला कारण सापडतं. वही रक्कम वाढवत नाही. जे आलंय ते नोंदवते, इतकंच.

कोंकणीत आभाराला म्हणतात ‘देव बरें करूं’. देव तुझं बरं करो. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. तू माझ्यासाठी केलंस ते मला कळलं, पण फेडायचं मी देवावर सोपवलं. नोंद झाली, कर्ज झालं नाही.

ही नोंद काम करते याला पुरावा काय?

थोडा आहे, आणि तो आहे तेवढाच सांगते.

२००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, एका गटाने कृतज्ञ वाटलेल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपलं आयुष्य जास्त बरं वाटू लागलं. २००५ साली मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी ‘तीन चांगल्या गोष्टी’ हा आठवडाभराचा सराव तपासला, त्याचा फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसला. भावाच्या वहीतल्या तीन गोष्टी तिथूनच आलेल्या.

पण ही झाली सर्वसाधारण माणसं. दारू सोडणाऱ्यांचं काय? एमी क्रेन्ट्झमन या संशोधिकेने २०१५ साली दारूच्या उपचारांवर असलेल्या तेवीस जणांवर चौदा दिवसांचा छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. तीन गोष्टी लिहिणाऱ्यांच्या नकोशा भावना कमी झाल्या, आणि शांत, निवांत वाटणं वाढलं. उत्साह मात्र वाढला नाही. मला हे वाचून प्रयोगावर जास्त विश्वास बसला. रीलवरची कृतज्ञता माणसाला टाळ्या पिटायला लावते, इथे माणूस फक्त जरा स्वस्थ बसू लागला. आणि स्वस्थ बसता येण्यासाठीच तर तो पीत होता.

तेवीस माणसं म्हणजे फार थोडी, हे उघड आहे. शिवाय २०२१ साली अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला त्यात दिसलं की उदासी आणि चिंता यांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम लहानच असतो. तेव्हा कुणी ‘वही लिहा, नैराश्य घालवा’ म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

वहीत असतं काय?

भावाने या लेखासाठी वही माझ्या हातात दिली, ती कित्येक महिन्यांनी. तोवर आमच्यातल्या कुणी ती उघडली नव्हती.

पहिल्या रात्री: ‘१. माहीत नाही. २. माहीत नाही. ३. जेवण.’ अक्षर कापरं, आणि प्रत्येक ओळ उजवीकडे जाताना खाली घसरलेली. चौथ्या रात्री: ‘शेजारचा कुत्रा भुंकला नाही. कुणामुळे? कुत्र्यामुळे.’ नवव्या दिवशी: ‘चहा बशीत सांडला नाही.’ मग चवथीच्या आदल्या रात्रीची नोंद: ‘माटोळी बांधायला स्टुलावर चढलो. खाली कुणी धरून उभं नव्हतं.’ (माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळा-पानांची आरास.)

स्टुलाची ही ओळ मी दोनदा वाचली. आधीच्या वर्षी स्टूल मी धरलं होतं, आणि नारळाचा घड त्याच्या हातातून सुटून माझ्या खांद्यावर आला होता.

ऑक्टोबरातली एक: ‘आईने मीठ आणायला पाकीट दिलं. पैसे मोजून दिले नाहीत.’

सोनेरी डायरीत बसेल असं यात काही नाही. समुपदेशक बाईंनीही त्याला हेच सांगितलं होतं की मोठं लिहू नका. ‘माझं कुटुंब, माझं आरोग्य’ असं रोज लिहिलं की तिसऱ्या दिवसापासून हात लिहितो, डोकं झोपतं. आजचं, ठरावीक, बारीक असं लिहायचं. ‘बायको चांगली आहे’ नको, ‘बायकोने आज सोलकढी वेगळी काढून ठेवली’ हवं. कारण रात्री बारीक गोष्ट लिहायची तर दिवसा ती दिसावी लागते. वहीचं खरं काम दिवसा होतं. बधिर जिभेला पेजेची चव परत शोधायला लावणं, ते हेच.

‘कुणामुळे’ हा प्रश्नही उगाच नाही. व्यसन माणसाला एकटं करतं. उत्तरात रोज एखादा माणूस येत गेला की वहीच्या पानांतून हळूहळू वस्ती जमते: पाव विकणारा पोदेर, बसचा कंडक्टर, वॉर्डातली मावशी. तलफ आली की फोन कुणाला करायचा, याची यादीही आपोआप तयार होते.

‘दारू चालू असताना वही लिहिली तर चालेल का?’

हा प्रश्न मला एका ओळखीच्या गृहस्थांनी विचारला. ते रोज संध्याकाळी पितात आणि देवाची फार कृपा आहे असं मानतात.

याच क्रेन्ट्झमन बाईंच्या २०१७ सालच्या एका अभ्यासात याचं उत्तर सापडलं, आणि ते उलटं निघालं. उपचारानंतर ज्यांची दारू बंद होती त्यांच्यात जास्त कृतज्ञ माणसं पुढेही जास्त दिवस कोरडी राहिली. पण ज्यांचं पिणं चालूच होतं, त्यांच्यात कृतज्ञता जितकी जास्त तितके पुढे कोरडे दिवस कमी. विचार केला तर यात नवल नाही. कृतज्ञता माणसाला आहे त्या स्थितीत टिकायला मदत करते. स्थिती चांगली असेल तर ती टिकते, वाईट असेल तर तीही टिकते. ‘बायको समजूतदार आहे, नोकरी शाबूत आहे, लिव्हर अजून धड आहे, देवाची कृपा’ असं म्हणणारा माणूस कशाला सोडेल? त्याला आधी नावे बाजू बघायला लागेल. हा शोध प्राथमिक आहे असं त्या स्वतः म्हणतात, पण मी आमच्या वाड्यावर डोळे फिरवले तेव्हा मला तो पटला.

म्हणजे क्रम असा: आधी पेला खाली, मग वही.

‘म्हणजे सगळं गोड गोड मानायचं?’

नाही. भावाचे कर्जाचे हप्ते थकलेत. एका जवळच्या मित्राने संबंध तोडलाय, आणि त्या मित्राचं चुकलं असं मी म्हणणार नाही. या गोष्टी वहीत लिहिल्या नाहीत म्हणून गेल्या नाहीत. जमा बाजू भरली म्हणून नावे बाजू खोडायची नसते. बँकेत तसं केलं असतं तर मी तुरुंगात असते.

वॉर्डात त्याला दुसरंही एक काम दिलं होतं, आपल्या पिण्याने कुणाचं काय नुकसान झालं त्याची यादी. ती दहा पानं झाली. दोन्ही लिखाणं एकाच महिन्यात चालू होती. नुसती नुकसानीची यादी लिहिणारा शरमेने खचतो, आणि शरम हे पिण्याचं फार जुनं निमित्त आहे.

ज्याला खोल नैराश्य आहे, जीव नकोसा झालाय, त्याच्यापुढे मात्र वही सरकवू नका. तीन गोष्टी सुचल्या नाहीत की ‘मी एवढाही नालायक’ हा चौथा विचार येतो. तिथे डॉक्टर लागतो, आणि लगेच लागतो.

‘गोळ्यांऐवजी हे?’

गोळ्यांसोबत. तलफ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन त्यातलं एक. डायसल्फिरम हे दुसऱ्या जातीचं. ते घेत असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. यावरून एक तळमळीची सूचना: ‘जेवणात गुपचूप मिसळा, नवऱ्याला कळणारही नाही’ अशा जाहिरातीची पावडर कुणाच्या आमटीत घालू नका. त्यात नेमकं काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, आणि डायसल्फिरमसारखं काही निघालं तर नकळत घेतलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. हे औषध ज्याचं त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

भावजयीचा प्रश्न

सगळ्यात अवघड भाग हा. भाऊ घरी आल्यावर दुसऱ्या आठवड्यात जेवताना आई त्याला म्हणाली, “ही बाई टिकली म्हणून तू आहेस. उपकार मान तिचे.” खोटं काही नव्हतं त्यात. पण तो ताटावरून उठला, आणि पुढचे तीन दिवस वही कोरी आहे. तारखा घातल्यात, खाली काही नाही.

कृतज्ञता मागून घेता येत नाही. मागितली की तिचा उपकार होतो, उपकाराची लाज होते, आणि लाजेचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. घरच्यांनी वहीबद्दल विचारू नये, बघू नये, आठवणही करू नये.

आणि भावजयीने कुणाचे आभार मानायचे? एका शेजारणीने तिला सांगून पाहिलं, “नवरा सुटला, आता तू पण देवाचे आभार मान आणि मागचं विसर.” मला तिथेच बोलावं लागलं. मागचं विसरणं ही कृतज्ञतेची अट नाही. बारा वर्षं सोसलेल्या बाईला राग येण्याचा हक्क आहे, नवरा सुधारल्यावर तर जास्तच, कारण आता कुठे तिला रागवायला सवड मिळाली. आणि जिथे मारहाण आहे तिथे आधी सुरक्षितता. ‘निदान आज मारलं नाही’ ही जमेची नोंद नव्हे. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट १९५१ पासून अमेरिकेत सुरू झाले, ते पुढे जगभर पसरले. त्यांचं पहिलं सांगणंच असं की तुझ्यामुळे तो प्यायला नाही आणि तू त्याला बरा करू शकत नाहीस. भावजयीला हे एक वाक्य ऐकून जितकं हलकं वाटलं तितकं माझ्या कुठल्याच बोलण्याने वाटलं नव्हतं.

देव न मानणाऱ्याने काय करावं?

काही नाही, वही लिहावी. ‘कुणामुळे’ या रकान्यात देव लिहायची सक्ती नाही.

हा प्रश्न येतो तो अल्कोहोलिक्स अनॉनिमसमुळे, म्हणजे एएमुळे. त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे, पण ‘आपल्याला जसा समजला तसा’ अशी पुस्तीही आहे. एएची सुरुवात कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस कामानिमित्त ओहायो राज्यातल्या ॲक्रनला आला होता. काही महिने दारू बंद होती. सौदा फसला, हॉटेलात एकटा, समोर बार. त्याला कळलं की आता आपण पिणार. मग त्याने चर्चना फोन करून विचारलं, मला बोलायला इथला एखादा दारुडा मिळेल का? मिळाला तो डॉक्टर होता, बॉब स्मिथ, सर्जन. त्या दोघांच्या बोलण्यातून ही चळवळ उभी राहिली.

विल्सन तिथे उपदेश करायला गेला नव्हता. दुसऱ्याला मदत करून तो स्वतःला वाचवत होता. म्हणून एएत कृतज्ञता ही बोलण्यापेक्षा करण्याची गोष्ट समजतात. मीटिंगआधी खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा, नव्या माणसाला आपला नंबर द्यायचा. भाऊ जातो त्या मीटिंगमध्ये चहाचं काम त्याच्याकडे आहे. घरी त्याने कधी पातेलं विसळलं नव्हतं. भावजय हे ऐकून नुसती हसली.

आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. आधी गावच्या, सीमेच्या सगळ्या देवांची नावं घ्यायची, आणि मग मागणं. आधी कोण कोण आहे त्याची नोंद, मग काय हवंय ते. श्रद्धा असेल त्याला वहीचं काम असंही समजून घेता येईल.

हुर्राकाचे दिवस, आणि स्लिप

गोव्यात दारू सोडणं म्हणजे मिठाच्या दुकानात बसून अळणी खाणं. कर कमी म्हणून दारू स्वस्त, तावेर्न म्हणजे दारूचे गुत्ते कोपऱ्याकोपऱ्यावर. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ सालच्या सर्वेक्षणात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत गोव्याचं नाव आहे. त्याच अहवालात आहे की देशात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांतल्या एकाला कसलेतरी उपचार मिळतात. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात राहतात.

मार्च उजाडला की काजूच्या बोंडूचा वास सुटतो. सत्तरी-डिचोलीकडे भट्ट्या लागतात, हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, येतो. भाऊ म्हणतो, नाक बंद करून बस चालवता येत नाही. वास, ठरावीक वेळ, ठरावीक मित्र यांनी तलफ चाळवते, हे मेंदूने वर्षानुवर्षं गिरवलेलं असतं. तलफ लाटेसारखी येते, चढते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा यांपैकी काही असेल तर ती जास्त उंच चढते. म्हणून वॉर्डात सांगतात, आधी जेव.

शिगम्याच्या दिवसांत त्याची स्लिप झाली. सुटल्यानंतर पुन्हा घेण्याला या लोकांत स्लिप म्हणतात. एका संध्याकाळी दोन ग्लास. त्या रात्रीचं पान असं आहे: ‘१. ताईला फोन केला. २. तिने उचलला. ३.’ तिसरं रिकामं.

स्लिपनंतरचा खरा घातक विचार असतो, ‘आता गेलंच सगळं, मग पिऊनच घेऊ.’ वही मागे दोनशे रात्री दाखवते. त्या रात्री खोट्या ठरत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला, गोळ्या बदलल्या. वही किती जबाबदार, गोळी किती, फोन किती, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय असं समजा.

इथे, गोव्यात, कुठे जायचं?

बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, ज्याला सगळे आयपीएचबी म्हणतात. तिथे दारू सोडवण्याचे उपचार होतात. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून पाय मागे घेऊ नका. माझ्या घरच्यांनी घेतले आणि दोन वर्षं वाया घालवली.

पण सगळ्यांनाच दाखल व्हावं लागत नाही. गोव्यात १९९६ साली ‘संगत’ ही संस्था सुरू झाली. तिने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात पिणारे, पण अजून पूर्ण आहारी न गेलेले ३७७ पुरुष. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना त्याशिवाय जास्तीत जास्त चार बैठका समुपदेशन. समुपदेशक कोण, तर डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी आधीच्या चौदा दिवसांत अजिबात न प्यायलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. आपल्याच मातीतला हा पुरावा आपल्यालाच ठाऊक नसतो.

फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत. घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही, माणूस स्वतः तयार नसला तरी.

वही कुठलीही चालते. भावाची पहिली मे महिन्यात भरली. दुसरी त्याने स्वतःच फोंड्याच्या बाजारातून आणली, एकरेघी. बिनरेघीवर ओळी खाली घसरतात म्हणे. येताना तसलीच एक जास्तीची आणली आणि काही न बोलता फ्रिजवर ठेवली. भावजय तिच्यात दुधाचा हिशेब लिहिते.